वैशाखातील शाल आणि इतर वस्त्रे

व्याख्यानाच्या आरंभी चिटणीसांनी आमच्या खांद्यावर लोकरीची शाल घातली आणि हातात नारळ दिला. मंडपात बसलेल्या आपणा सर्वांच्या हातांतील निमंत्रणपत्रिका त्या वेळी पंख्यासारख्या हलत होत्या. वैशाखाचे दिवस, संध्याकाळचे साडेसहा वाजलेले, वारा पडलेला, आणि अंगावर लोकर! छायाचित्रकाराचे काम होईपर्यंत ती तशीच ठेवावी लागली. आमच्या मनात आले, हा सत्कार म्हणावा की शिक्षा? परंतु लगेच असेही वाटले की, आज ज्या विषयावर बोलायचे त्याचा पहिला पुरावा आपल्या खांद्यावर आयताच आला आहे. ऋतू एक सांगतो आणि रीत दुसरेच सांगते; या दोहोंच्या मधे माणसाला आपली आवड कोठे तरी बसवून घ्यावी लागते. पोशाखाचा इतिहास म्हणजे बव्हंशी या ओढाताणीचा इतिहास होय.

हा विषय आम्हांला सुचला तो ग्रंथालयात नव्हे, तर घरच्या पत्र्याच्या पेटीसमोर. पाडवा झाला की आमच्या घरी पेट्यांची उलथापालथ होते. स्वेटर, कानटोप्या, जाड चादरी कडुलिंबाचा पाला घालून खाली जातात आणि उन्हाळी कपडे वर येतात. यंदा ते सारे आम्ही पलंगावर मांडले आणि मोजले. मलमलीचे दोन झब्बे. मांजरपाटाचा एक सदरा, धुऊन धुऊन इतका मऊ झालेला की घरात आम्ही दुसरे काही घालतच नाही. खादीचा एक कुडता. वडिलांचे एक उपरणे. आणि पुठ्ठ्याच्या गोल डब्यात आजोबांची चक्रीदार पगडी. शेजारी आमच्या मंडळींची दोन सुती इरकली लुगडी, ती त्यांच्या सासूबाईंची. एका उन्हाळ्याचा हा आमचा संसार. यांतला कुठला कपडा आम्ही स्वतःच्या आवडीने निवडला आणि कुठला दुसऱ्या कुणी तरी आमच्यासाठी आधीच निवडून ठेवला होता, हे पाहू लागलो तेव्हा आमचा आत्मविश्वास बराच कमी झाला.

आधी या शालीचाच माग काढू. कुणाचा मान करायचा म्हणजे त्याच्या अंगावर वस्त्र घालायचे, ही रीत आपल्याकडे फार जुनी. मोगली दरबारात तिला खिलत म्हणत, आणि डोक्यापासून पायापर्यंतचा पोशाख दिला की तो सिरोपाव. आपण त्याचा शिरपाव केला. मराठी राज्यात तर अधिकार आणि वस्त्र हे एकच होऊन बसले. पेशवेपद मिळाले असे आपले बखरकार म्हणत नाहीत, पेशवाईची वस्त्रे मिळाली असे म्हणतात. थोरल्या बाजीरावांना ती १७ एप्रिल १७२० रोजी मसूरच्या मुक्कामी शाहू महाराजांनी दिली. एप्रिलचा मध्य, कऱ्हाडकडचे ऊन आणि एकोणीस वर्षांचा तो तरुण. जरीचा जामा अंगावर चढताना त्याला घाम फुटला असेल की नाही, हे कुठल्याही कागदात लिहिलेले नाही, पण आम्हांला मात्र आज त्याची खात्री वाटते.

याहून विलक्षण गोष्ट सवाई माधवरावांची. नारायणरावांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी झाला. त्यांच्या मागे १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर हे मूल जन्मले, आणि चाळीस दिवसांचे होताच त्याच्या नावाने पेशवाईची वस्त्रे झाली. दिवस मे महिन्याच्या अखेरचे. मान न धरणाऱ्या त्या बालकाला वस्त्रांची काय मातबरी? त्याला हवे होते ते एक मऊ झबले. पण त्या वस्त्रांवर बारभाईंचा सारा डाव उभा होता आणि राघोबादादांचा दावा त्यांनीच खोडून निघायचा होता. पोशाख अंगाला बसतो की नाही हा प्रश्नच तेथे नव्हता. पोशाखात माणूस बसवायचा होता.

असो. पेशवाई गेली, पण डोक्यावरची पगडी काही ताबडतोब उतरली नाही. १८१८ नंतरची जवळजवळ शंभर वर्षे पुणेकर पांढरपेशा माणूस घराबाहेर पडताना तिच्यावाचून पडत नसे. आपल्यापैकी तरुण मंडळींसाठी एवढे सांगितले पाहिजे की, पगडी, पागोटे आणि फेटा या एकाच वस्तूच्या तीन तऱ्हा नव्हेत. पागोटे किंवा फेटा आपला आपण रोज बांधायचा, हवा तसा सैल करायचा, आणि वेळप्रसंगी सोडून त्याने विहिरीचे पाणीही काढायचे. पगडी मात्र कारागिराने कायमची बांधून दिलेली असते. तिच्या आत ताठ साचा, त्यावर कापडाचे नेमके पीळ, पुढे कोका. ती धुता येत नाही, घडी करता येत नाही. पाऊस लागला तर बिघडते आणि उन्हाळ्यात आतून घामाने भिजते. आजोबांच्या पगडीचे अस्तर आम्ही यंदा उलटून पाहिले. सबंध काळपट झालेले आहे. बाहेरचा लाल रंग अजून बरा आहे. त्या काळपट वर्तुळाकडे पाहून आम्हांला त्यांच्याविषयी जे वाटले ते त्यांच्या तसबिरीकडे पाहून कधी वाटले नव्हते. मामलेदार कचेरीतील कारकून माणूस. एप्रिल-मेच्या दुपारी मैलभर चालत जायचा, आणि कचेरीत पोहोचल्यावर पगडी खुंटीला लावून मग दौतीला हात घालायचा.

मग त्यांनी ती सोडून का दिली नाही? आमच्या मते याचे उत्तर सरळ आहे. बोडक्या डोक्याने बाहेर पडणे हे त्या काळी सुतकाचे लक्षण होते. पगडी त्यांच्या आवडीची होती की नाही हे त्यांना कुणी विचारले नाही आणि त्यांनीही स्वतःला विचारले नसावे. आपण ज्याला आज व्यक्तीची आवड म्हणतो तिला त्या पोशाखात शिरायला फटी फारच लहान होत्या: पगडीचा लालपणा किती गडद, उपरण्याचा काठ किती रुंद, धोतराच्या निऱ्या किती बारीक, जोडा कुरकुर वाजतो की नाही. पण म्हणून त्या फटी रिकाम्या होत्या असे कुणी समजू नये. टिळकांची पगडी आणि उपरणे केवळ रेषेत काढले तरी शाळकरी मूल माणूस ओळखते. तोच वेश शेकडो लोक करीत होते. ओळखू येतात ते टिळक.

गंमत अशी की, डोक्यावरून गेलेली पगडी भाषेत मात्र पक्की बसली आहे. मुंबईत जुनी खोली घेताना आजही पागडी मोजतात. पगडी फिरवणारे पुढारी तर आपल्या चांगल्याच परिचयाचे आहेत. २००९ साली पुणेरी पगडीला भौगोलिक उपदर्शनाचे सरकारी संरक्षण मिळाले, ते बहुधा सत्कारसमारंभांच्या जिवावर. आणि २०१८ साली पुण्यातच, पाहुण्यांच्या डोक्यावर पुणेरी पगडी घालावी की जोतीराव फुल्यांचे पागोटे, यावर जाहीर वाद झाला. कित्येकांनी तो वाद हसण्यावारी नेला. आम्ही नेत नाही. ज्या गावात दोन शतके शिरोभूषणावरून माणसाची जात, पेशा आणि पेठ ओळखली जात होती, त्या गावात तो प्रश्न कुणी तरी विचारणारच होते.

जोतीरावांचे नाव निघालेच आहे तर १८८८ सालची ती हकीकत सांगितलीच पाहिजे. व्हिक्टोरिया राणीचे चिरंजीव ड्यूक ऑफ कॅनॉट हे त्या वेळी मुंबई इलाख्याच्या फौजेचे सरसेनापती होते. त्यांच्या सन्मानार्थ पुण्यात हरी रावजी चिपळूणकर यांनी २ मार्च रोजी मेजवानी दिली. निमंत्रितांत जोतीराव होते. बाकीची मंडळी जरीकाठी, हिरेमाणके लेवून आलेली. जोतीराव आले ते गरीब शेतकऱ्याच्या वेशात. भाषणात त्यांनी ड्यूकसाहेबांना बजावले की, येथे जमलेल्या या नटलेल्या लोकांवरून हिंदुस्थानची पारख करू नका, खरी प्रजा खेड्यांत आहे. आता हे ध्यानात ठेवले पाहिजे की, जोतीरावांची ऐपत नव्हती असे नाही. त्यांनी बांधकामाचे ठेके घेतलेले होते, पुणे नगरपालिकेचे ते सभासद राहिले होते, आणि एरवीचा त्यांचा वेश चारचौघा प्रतिष्ठितांसारखाच नीटनेटका असे. म्हणजे त्या संध्याकाळचा तो वेश त्यांनी निवडला होता. अंगावर काय घालायचे याचा एवढा विचार त्या सबंध मेजवानीत दुसऱ्या कुणी केला नसेल.

याच्या अकरा वर्षे आधी, पुण्याच्याच एका गृहस्थाने दिल्लीत असाच एक वेश नेला होता. आमच्या खादीच्या कुडत्याचा हा मूळ पुरुष. त्याच्यापाशी थोडे थांबू, कारण त्याला आपण दिलेली जागा पुरेशी नाही असे आम्हांला नेहमी वाटत आले आहे.

गणेश वासुदेव जोशी हे पुण्याचे वकील. १८७० साली पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली ती त्यांच्या खटपटीने, आणि तेव्हापासून ते सार्वजनिक काका झाले. १८७२ साली त्यांनी देशी, हातसुताचेच कापड वापरण्याचे व्रत घेतले. नुसते घेतले नाही, स्वतः सूत काढले. वर्ष लक्षात घ्या: गांधीजी तेव्हा दोन-तीन वर्षांचे होते. वकिलाला कोर्टात उभे राहायचे असते, पक्षकारावर छाप पडावी लागते. अशा माणसाने जाड्याभरड्या कापडात कोर्टात जायचे म्हणजे टिंगल ओढवून घेणेच होते, आणि ती झाली. विलायती धोतरजोडा बारीक, स्वस्त आणि पांढराशुभ्र. त्याच्या शेजारी काकांचे धोतर म्हणजे गोणपाट, असेच लोकांना वाटत असणार.

१ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीस लॉर्ड लिटन यांनी दरबार भरवून व्हिक्टोरिया राणी ही हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचे जाहीर केले. देशभरचे राजेरजवाडे तेथे आपापल्या जवाहिरासकट हजर होते, आणि इकडे दक्षिणेत दुष्काळाने माणसे मरत होती. सार्वजनिक सभेचे मानपत्र घेऊन काका त्या दरबाराला गेले; अंगावर सारे हातसुताचे. हिंदी प्रजेला ब्रिटिश प्रजेसारखाच राजकीय व सामाजिक दर्जा मिळावा, अशी मागणी त्या मानपत्रात होती. मागणी कागदावर होती. पण ती करणाऱ्याच्या अंगावर मँचेस्टरचा एक धागा नव्हता, ही गोष्ट कागदापेक्षा जास्त बोलकी होती असे आम्ही मानतो.

आणि योगायोग पाहा. नेमक्या त्याच दिवशी, १ जानेवारी १८७७ रोजी, नागपूरला जमशेटजी टाटांची कापडगिरणी सुरू झाली आणि नव्या सम्राज्ञीच्या मानासाठी तिचे नाव एम्प्रेस मिल ठेवले गेले. एकाच दिवशी देशी कापडाच्या दोन वाटा निघाल्या. एक चरख्याची, दुसरी वाफेच्या यंत्राची. एक सम्राज्ञीपुढे मागणी घेऊन उभी, दुसरीने सम्राज्ञीचेच नाव घेतलेले. पुढची पाऊणशे वर्षे आपल्या लोकांच्या उन्हाळी धोतराने या दोन्ही वाटांवरून प्रवास केला. कोणती वाट देशाला अधिक उपयोगी पडली, यावर भांडायला आम्ही येथे आलो नाही. पण काका १८८० साली गेले, आणि त्याआधी वर्षभर वासुदेव बळवंत फडक्यांचे वकीलपत्र घेण्याचे धैर्य त्यांनी दाखवले, एवढे सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. ज्या माणसाने कपड्याविषयी जगाची पर्वा केली नाही त्याने वकीलपत्राविषयी तरी का करावी?

गिरणीच्या वाटेवरही काटे होतेच. मुंबईची पहिली सूतगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली उभारायला घेतली; पुढे गिरण्या वाढल्या तशी लँकेशायरची ओरड वाढली. शेवटी १८९६ साली सरकारने बाहेरून येणाऱ्या कापडावर साडेतीन टक्के जकात बसवली आणि समतोल साधण्यासाठी येथील गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच कर बसवला. म्हणजे आपल्याच कापसाचे आपल्याच गिरणीत विणलेले धोतर नेसण्याचा दंड साडेतीन टक्के! हा कर कायमचा जायला १९२६ साल उजाडले. ७ ऑक्टोबर १९०५ रोजी पुण्यात तरुण सावरकरांच्या पुढाकाराने विलायती कपड्यांची होळी झाली आणि त्याबद्दल त्यांना दहा रुपये दंड होऊन वसतिगृह सोडावे लागले. ३१ जुलै १९२१ रोजी, टिळकांच्या पहिल्या पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी, परळला गांधीजींच्या उपस्थितीत त्याहून कितीतरी मोठी होळी झाली. या दोन्ही हकिकती आपण शाळेत वाचलेल्या आहेत. आम्हांला मात्र पुस्तकात न आलेल्या गोष्टीचे कुतूहल वाटते. त्या आगीत लोकांनी टाकले काय? नको झालेले जुने कपडे की आवडीचे? आमची आजी सांगे की, तिच्या माहेरी एका होळीत तिच्या काकांनी स्वतःचा आवडता तलम सदरा टाकला, आणि काकूंनी त्याच रात्री त्यांच्याशी बोलणे टाकले. तो त्यांनी शिवला होता.

गांधीजींनी त्याच वर्षी, २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुरेला, टोपी आणि सदरा सोडून पंचा नेसला. ज्या टोपीला त्यांचे नाव पडले ती त्यांनी स्वतः जेमतेम वर्ष-दोन वर्षे घातली. महाराष्ट्राने ती शंभर वर्षे ठेवली आहे. सातारा-सांगलीकडच्या बाजारात, मुंबईच्या डबेवाल्यांच्या डोक्यावर ती आजही दिसते. नेता पुढे निघून जातो आणि अनुयायी त्याची टोपी सांभाळतात, असा यात एखाद्याला उपरोध दिसेल. आम्हांला तसे वाटत नाही. हलकी, पांढरी, घडी करून खिशात जाणारी आणि रोज धुता येणारी ती टोपी उन्हात राबणाऱ्या माणसाला परवडली म्हणून टिकली. जे पगडीला जमले नाही ते तिला जमले.

आता स्त्रियांकडे वळतो. येथे आमचे ज्ञान तोकडे आहे, आणि श्रोत्यांतील भगिनी ते सहज दुरुस्त करू शकतील. फिलाडेल्फियाच्या वैद्यक महाविद्यालयात १० ऑक्टोबर १८८५ रोजी घेतलेले एक छायाचित्र आहे. तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्या आहेत: जपानची केई ओकामी, सीरियाची साबात इस्लांबुली आणि आपल्या आनंदीबाई जोशी. आनंदीबाई तेव्हा वीस वर्षांच्या. समुद्र ओलांडून गेलेल्या त्या मुलीने साडी सोडली नाही. अमेरिकन वेशात राहिल्या असत्या तर तेथील थंडीत सुखी झाल्या असत्या; पण येथे त्यांच्या जाण्याकडे डोळे लावून बसलेला समाज लुगडे सुटले की धर्म सुटला असे म्हणायला टपलेला होता. त्यांनी लुगडे स्वतःच्या प्रेमाने नेसले की त्या डोळ्यांसाठी? दोन्ही असेल. आवड आणि पहारा यांची वीण इतकी घट्ट असते की, एक धागा ओढला की दुसराही सुटतो.

त्याच सुमारास आगरकर ‘सुधारका’तून लिहीत होते की, स्त्रियांनी चोळ्यांऐवजी जाकिटे घालावीत. लोकांनी त्यांची यथेच्छ चेष्टा केली. पन्नास वर्षांच्या आत पोलके घरोघर गेले, आणि चेष्टा करणारांच्या सुनांनी ते शिवले. रविवर्म्याच्या छापील तसबिरींनी देवींना साड्या नेसवल्या, बालगंधर्वांचे रंगभूमीवरचे शालू पाहून बायका घरी तशा नेसू लागल्या. एका पुरुषाने स्त्रीचा पोशाख सजवावा आणि स्त्रियांनी त्याचे अनुकरण करावे, हा प्रकार जगात फार ठिकाणी झाला नसेल. मग नऊवारीचे पाचवारी झाले. आमच्या आत्याने पहिल्यांदा गोल पातळ नेसले तेव्हा आजीने तिला स्वयंपाकघरात येऊ दिले नाही, कासोटा नाही म्हणून. आत्या उंबऱ्याशी बसून जेवली. पण पातळ बदलले नाही. पुढे मुलगी शिक्षिका झाल्यावर आजी तिला स्वतः म्हणू लागली, “उन्हाचं तेच बरं गं, दोन वार तरी कमी.” ऋतूने रितीला हरवल्याचे आम्ही घरात पाहिलेले हे एवढे एकच उदाहरण. आज तर दुपारी बारा ते चार घराघरांत स्त्रिया सुती गाऊन घालून वावरतात. हा महाराष्ट्राचा खरा उन्हाळी वेश आहे, पण त्याचा फोटो कुणी काढू देत नाही. पुढचा इतिहासकार फसणार आहे.

हसत हसत आपण येथवर आलो. आता जे सांगायचे त्यात हसण्यासारखे काही नाही. आतापर्यंत ज्यांच्याविषयी बोललो त्यांना निवड थोडी तरी होती. आमच्या समाजात असेही लोक होते की, ज्यांनी काय नेसावे एवढेच नव्हे, तर ते कुठवर नेसावे हेही दुसऱ्यांनी ठरवले होते. अस्पृश्य मानलेल्या स्त्रियांनी लुगडे गुडघ्यापर्यंतच ठेवावे, दागिने चांदीसोन्याचे न घालता कथलाचे, पितळेचे घालावेत, अशी बंधने गावोगाव होती. ती कुठल्या कायद्यात लिहिलेली नव्हती. मोडली तर काय होते ते सर्वांना ठाऊक होते, म्हणून लिहायची गरज नव्हती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला सत्याग्रह परिषद भरली. २५ तारखेला मनुस्मृतीचे दहन झाले. परिषद आटोपता आटोपता डॉ. आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांपुढे स्वतंत्र भाषण केले, आणि त्यात त्यांनी शिक्षणाबरोबरच लुगड्याची गोष्ट काढली. तुम्ही अस्पृश्य आहात हे तुमच्या नेसण्यावरून ओळखू येते. ती खूण टाकून द्या. वरच्या म्हटल्या जाणाऱ्या जातींच्या स्त्रिया नेसतात तसे नेसा, त्याला जास्त पैसे पडत नाहीत. ते गळ्याहातांतले जड दागिने काढा, आणि कपडा फाटका असला तरी स्वच्छ ठेवा, असा त्या भाषणाचा भावार्थ होता. बायकांनी तेथल्या तेथे ते मनावर घेतले. लुगडी घोट्यापर्यंत खाली आली.

चवदार तळ्याचे पाणी आणि लुगड्याचा घोळ या दोन गोष्टी एकाच परिषदेत एकाच माणसाला सारख्याच महत्त्वाच्या का वाटाव्यात? काही विद्वान यावर म्हणतात की, हे वरच्या जातींचे अनुकरण झाले, यात नवे ते काय? हा आक्षेप आम्हांला पटत नाही. कपडा तोच असेल. तो परवानगीवाचून नेसला हे नवे होते. त्या बायका महाडहून आपापल्या गावी परत गेल्या. वाटेत पाणवठे होते, चावड्या होत्या, गावकीची माणसे ओट्यावर बसलेली होती. त्यांच्यासमोरून ते वीतभर अधिक लुगडे नेत चालत जायला काय लागले असेल, याचा विचार आम्ही गेली कित्येक वर्षे करीत आहो. डॉ. आंबेडकर स्वतः सूट-टाय वापरीत, मे महिन्यातही. ‘गरीब देशाच्या पुढाऱ्याने असा थाट करावा का’ असे विचारणारांना हे वीतभर लुगडे दाखवावे. अर्धनग्न राहणे हे व्रत म्हणून पत्करण्यासाठी आधी पुरते कपडे घालण्याची मुभा असावी लागते.

एवढे सांगितल्यावर स्वतःच्या शौकाची हकीकत सांगायला संकोच वाटतो, पण विषयाला ती धरून आहे. १९६९ साली आम्ही कॉलेजात होतो. टेरिलीनचा शर्ट हे त्या वेळी तरुणाचे परम ध्येय. इस्त्री नको, सुरकुती नाही, वाळतो तासाभरात. शिकवणीचे पैसे साठवून आम्ही फिकट पिवळा टेरिलीनचा बुशशर्ट शिवला आणि मे महिन्यात थोरल्या बंधूंच्या लग्नात घातला. टेरिलीन घाम शोषत नाही. तो आतल्या आत वाहतो. मंगलाष्टके होईपर्यंत शर्ट पाठीला चिकटला आणि जेवणाच्या पंगतीत आम्हांला भोवळ आली. वडील धोतर, सदरा आणि हे पेटीतले उपरणे अशा वेशात व्याह्यांची ऊठबस करीत होते. ते आले, काही बोलले नाहीत. उपरणे पाण्यात भिजवून पिळले, आमच्या मानेवर टाकले आणि पुन्हा पंगतीकडे गेले. संध्याकाळच्या वरातीत तेच उपरणे वाळून त्यांच्या खांद्यावर होते. आपल्या पिढीने स्वतःच्या आवडीने केलेली पहिली निवड ही अशी निघाली.

मलमलीकडे आम्ही वळलो ते त्यानंतर. त्या वेळी ती मुंबईच्या गिरण्यांची मिळे. कापडाच्या काठावर गिरणीचा शिक्का असे, आणि दुकानदार तो दाखवल्याशिवाय वार मोजायला घेत नसे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणीकामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. गिरण्या एकेक करून मिटल्या. नागपूरची एम्प्रेस मिलही २००२ साली बंद पडली. आता आमचे झब्बे भिवंडी, मालेगाव किंवा इचलकरंजीच्या यंत्रमागावरून येतात. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली आणला, म्हणजे तेही घराणे आता जुनेच झाले. परळ-लालबागला आमच्या ओळखीचे एक वृद्ध साचेवाले राहतात. गेल्या वर्षी त्यांच्याकडे गेलो असता त्यांनी आमच्या झब्ब्याची बाही चिमटीत धरली, उजेडाकडे करून पाहिली, आणि म्हणाले, “सूत बरं आहे. पण हात मागाचा नाही ह्याच्यावर, घाईचा आहे.” मग त्यांनी खिडकीबाहेर बोट दाखवले. जेथे त्यांचे खाते होते तेथे आता एक काचेचा मनोरा आहे, आणि त्याच्या तळमजल्यावर कपड्यांचे दुकान.

पगडीचे काय करायचे हा प्रश्न आमच्या घरात अजून सुटलेला नाही. तिला कसर लागू लागली आहे. ती पुन्हा बांधून देणारा कारागीर आमच्या गावात राहिला नाही. वस्तुसंग्रहालयाला द्यावी तर त्यांच्याकडे अशा पुष्कळ आहेत. धाकट्या नातवाने शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मागितली होती. त्याला ती दिली. घरी आल्यावर म्हणाला, “आतून किती गरम होतं! पणजोबा रोज घालायचे?” आम्ही हो म्हटले. त्याने ती आपणहून डब्यात ठेवली.

शाल आम्ही व्याख्यान संपल्यावर संयोजकांच्या अनुमतीने येथील मंडपाच्या वृद्ध पहारेकऱ्यांना देणार आहो; त्यांना पौषात ती उपयोगी पडेल. वडिलांचे उपरणे मात्र आज बरोबर आणले आहे. मघापासून आम्ही त्यानेच घाम पुसत आहो, हे पुढच्या रांगांनी पाहिलेच असेल.